पातळ प्लायचा डोंगर

प्रिय आई,

काल शाळेत मी तुझं नाव मोठ्याने घेतलं. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला, गॅस विझला आणि मी नुसती बघत उभी राहिले. तेव्हाच कळलं, हे तुला सांगितल्याशिवाय आज हातून दुसरं काही होणार नाही.

तुला जाऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत तुला लिहावं असं खूपदा वाटलं, पण तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत कागदावरसुद्धा होत नव्हती. का, ते तुला माहीत आहे. मला वाटतं, तुला ते त्याच दिवशी कळलं होतं.

पण आधी मला सगळं पहिल्यापासून सांगू दे. तू म्हणशील, "मला काय सांगतीस, मी नव्हते का तितं?" होतीस गं! पण तू केलेलं तू स्वतः कुणाला कधी सांगितलंस? मग ते कुणीतरी नीट सांगायला नको?

अण्णा पडले तिथून सुरुवात करते. एका बंगल्याच्या जिन्याचं काम चालू होतं, पाय घसरला आणि ते पाठीवर आले. डॉक्टर म्हणाले, चालतील-फिरतील, पण आयुष्यात आता वजन उचलायचं नाही. सागवानी चौकट एकट्याने खांद्यावर घेऊन जाणारे आपले अण्णा! एकलहऱ्याच्या रस्त्याला आपली ती पत्र्याची शेड, आणि आसपासच्या निम्म्या घरांतली कपाटं त्यांच्या हातची. ते आता खुर्चीत बसून रंध्याकडे बघत राहायचे.

महिन्याभराने काका आले. म्हणाले, "वहिनी, मशिनं विकून टाकू. शेड मालकाला परत करू. वैशूला शाळेत नोकरी आहे, भागेल तुमचं."

तू चहाचा कप त्यांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "भागंल की. पर ह्यांनी दिवसभर बघायचं कुठं? भिंतीकडं?"

काकांनी कप तोंडाला लावला. तू म्हणालीस, "मला चार महिने द्या, भाऊजी. मी बघते काय होतंय ते."

तू काय बघणार होतीस, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. वीस वर्षं तू शेडमध्ये काम केलं होतंस. पॉलिशपेपरने घासणं तुझं, पॉलिशचा हात तुझा, खिळ्यांची भोकं बुजवणं तुझं. तरी कुणी विचारलं की आम्ही काय सांगायचो? "आई असते मदतीला." मीसुद्धा हेच सांगायचे. मदतीला!

पहिल्याच दिवशी तू आणि मी जाड प्लाय उचलायला गेलो, आठवतं? दाराला लागतो तसला, अख्खा. दोघी मिळून कमरेपर्यंत आणला, तुझा हात सुटला आणि तो माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. मी किंचाळले. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "अगं, ते बायकांचं काम नाही." तू माझ्यापाशी खाली बसलीस. माझ्या अंगठ्याला हळद लावलीस आणि शेडच्या कोपऱ्यात गेलीस.

त्या कोपऱ्यात पातळ प्लायची चवड पडून होती. कपाटांच्या पाठीला मारायचा, चार एमएमचा. कुणीतरी कपाटांचं काम अर्ध्यात रद्द केलं होतं, त्याचा माल. तू त्यातला एक अख्खा प्लाय उचललास, डोक्यावर आडवा धरलास आणि शेडभर एक चक्कर मारून आलीस.

"हे पेलतंय मला," तू म्हणालीस.

"पेलतंय, पण त्याचं करणार काय?" अण्णा हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच हसले असतील, पण ते हसणं मला आवडलं नाही. "पापड आहे तो. पाठीला मारायचा, विषय संपला. त्यात जीव नसतो."

"जीव कसा नाय? शोधते की."

आणि तू खरंच शोधायला लागलीस! किती चुकलीस गं सुरुवातीला. आधी माझ्या पुस्तकांसाठी फळी केलीस. चार दिवसांत तिच्या पोटात खड्डा पडला, सगळी पुस्तकं मधोमध गोळा झाली. मग स्टूल केलंस. दिसायला इतकं देखणं की शेजारच्या कमलमावशी बघायला आल्या आणि कौतुकाने त्यावर बसल्या. कडाड आवाज झाला. मावशी फरशीवर!

तू धावत गेलीस, पण मावशींकडे नाही, स्टुलाकडे. ते उलटं करून निरखायला लागलीस. "कुठं मोडलं बघू दे आधी."

"अगं बाई, मला उठव आधी!" मावशी ओरडल्या.

आम्ही सगळे इतके हसलो की अण्णांची पाठ दुखायला लागली. तू मात्र ते मोडकं स्टूल दोन दिवस समोर ठेवून बसलीस. तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीस. प्लायची एक पट्टी आडवी धरून दाबलीस, ती वाकली. तीच पट्टी धारेवर उभी केलीस आणि म्हणालीस, "दाब आता." मी दोन्ही हातांनी जोर लावला. पट्टी हलेना.

"बघितलंस? आडवं निजवलं तर दम नाय त्याला. उभं केलं की लय ताकद. आपण त्याला निजवत होतो, म्हनून मोडत होतं."

मी तेव्हा "हो, हो" म्हणून मोबाइल बघत राहिले. आज वाटतं, त्या क्षणी तुझ्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने स्वतःच्या डोक्याने एक नियम शोधून काढला होता, आणि मी, बी.एड. झालेली, मान वर करत नव्हते.

मग तुला छंदच लागला. आठवडी बाजारात भाजी राहायची बाजूला, तू लोकांच्या दुकानातले डबे, खेळणी, देवघरं बोटांनी टकटक वाजवून बघायचीस. पातळ कुठे कुठे चालतं, हे बघत हिंडायचीस. एकदा म्हणालीस, "वैशू, तुझ्या मोबाइलात बघ ना, पातळ प्लायचं काय काय करत्यात लोक." मी एक व्हिडिओ लावून दिला. कुठल्या तरी परदेशातल्या माणसाकडे लेझरच्या प्रकाशाने कापणारं मशीन होतं, फुलं-पानं सरसर कापली जात होती. तू पूर्ण बघितलास. मग मोबाइल परत देत म्हणालीस, "चांगलंय. पर ह्याला कापायची मजा कुठं येत असंल?"

आणि धनुष्यासारखी ती बारीक पात्याची हातकरवत घेऊन बसलीस. कापताना प्लायच्या कडेचे कपचे उडायचे, म्हणून तू त्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचीस, त्यावर रेघ मारायचीस आणि कागदासकट कापायचीस. कड कशी सुरीने कापलेल्या वडीसारखी यायची! हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही. "कागद घट्ट धरून ठेवतो," इतकंच तुझं स्पष्टीकरण.

त्या वर्षी बंदीमुळे गणपतीला थर्माकोलची मखरं मिळेनात. कमलमावशी काळजीत होत्या. तू म्हणालीस, "मी करते तुमचं मखर." मावशींनी आधी विचारलं, "बसायचं नाहीये ना त्याच्यावर?" मग हो म्हणाल्या.

एकही खिळा नाही, गम नाही. एका तुकड्याला वरून अर्धी खाच, दुसऱ्याला खालून अर्धी, आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. सगळे तुकडे धारेवर उभे. गणपती गेले की मखर सुटं करून चादरीसारखं गादीखाली ठेवायचं. सगळं जमलं, कमान जमेना. पट्टी वाकवायला गेलीस की मोडायची. तीन मोडल्यावर तुझ्या लक्षात आलं, प्लाय एका अंगाने वळतो, दुसऱ्या अंगाने मोडतो. मग पट्टी दुसऱ्या अंगाने कापलीस, गरम पाण्यात भिजवलीस आणि पुरणाच्या मोठ्या पातेल्याभोवती सुतळीने बांधून दोन दिवस तशीच ठेवलीस. मला त्या दोन दिवसांत डाळ शिजवायला भांडं नव्हतं, यावरून मी चिडचिड केली. केली ना? मला माफ कर. सुतळी सोडली तेव्हा पट्टी कमानीसारखी वळूनच बाहेर आली.

मखर शेडमध्ये उभं राहिलं. अण्णा खुर्चीतून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वैशू, गुण्या दे."

लोखंडी गुण्या, ज्याने ते काटकोन तपासायचे. अपघातानंतर त्यांनी तो हातात घेतलाच नव्हता. वॉकर धरून ते उठले आणि एकेका कोपऱ्याला गुण्या लावत मखराभोवती फिरले. तू पदराला हात पुसत उभी होतीस. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी जशी उभी होते ना, अगदी तशी!

सगळे कोपरे झाले. अण्णा म्हणाले, "गुण्यात आहे."

बास, दोनच शब्द. पण मला माहीत होतं, त्यांनी हाताखालच्या कारागिरांनासुद्धा हे शब्द क्वचित दिले होते. मग त्यांनी आपल्या पेटीतली खाचा कोरायची बारीक पटाशी काढली, तुझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "धार करून घे. खाचा अजून साफ येतील." तू पटाशी कपाळाला लावलीस आणि आत निघून गेलीस. आत जाऊन रडलीस का? मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आपल्या शेडबाहेर बायकांच्या चपला मावेनात. मखरं, घड्याळं, लहान मुलांची तुकडे जोडायची कोडी, दिव्यांवर घालायच्या गोल टोपल्या. काका येऊन मखर घेऊन गेले आणि मशिनं विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. अण्णा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, मापं लिहून घ्यायचे, तुझ्यावर खेकसायचे. "वॉर्निश पातळ कर! किती वेळा सांगू?" तू मला डोळा घालायचीस. त्यांचं खेकसणं परत आलं, याचाच तुला आनंद होता.

आता डोंगराचं सांगते.

मी नववीच्या मुलींना समोच्चरेषा शिकवत होते. नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या, एकात एक अडकलेल्या रेघा. फळ्यावर कितीही काढा, मुलींना तो कापलेला कांदाच वाटायचा. एका संध्याकाळी मी पेपर तपासत वैतागून बसले होते. तू चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकलीस.

"ह्या रेघा कसल्या गं? रस्ते?"

"नाही. एका रेघेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात. पुढची रेघ त्याच्याहून वरची."

तू एक मिनिट बघत राहिलीस. "म्हंजे डोंगर आडवा कापून थर ठेवल्यात की! एक रेघ, एक थर." मग बोटाने रेघ गिरवत म्हणालीस, "हे पातळ प्लायचं काम हाय, वैशू."

मी मान वर केली. या वेळी खरंच केली.

"आपला धोडप हाय का ह्यात?" तू विचारलंस.

तुझं माहेर कळवण तालुक्यात, धोडपच्या पायथ्याला. घराच्या दारातून तो डोंगर दिसायचा, हे तू लहानपणी मला कितीदा सांगितलं होतंस. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून नकाशा आणला. द्वारका चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तो मोठा करून घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जमिनीचा व्यवहार आहे का?" मी म्हटलं, "नाही, डोंगर करायचाय." तो हसला.

तीन महिने, छत्तीस थर. कार्बन ठेवून रेघ उतरवायची, खळीने कागद लावायचा, कापायचं, घासायचं, खालच्या थरावर बसवून बघायचं. पाती किती तुटली! तुझ्या डाव्या हाताच्या बोटांवर किती रेघा उमटल्या. अण्णा दुपारी झोपायचे सोडून तुझ्यासमोर बसायला लागले. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "माझ्या जाड लाकडात हे झालंच नसतं. थर जाड झाला की डोंगराचा जिना होतो." तू करवत थांबवलीस, त्यांच्याकडे बघितलंस आणि पुन्हा कापायला लागलीस. पण तुझे कान लाल झाले होते.

वरच्या थरांपाशी आपलं भांडण झालं.

"नकाशात चूक हाय," तू म्हणालीस.

"आई, नकाशा चुकत नसतो. रेघा एकमेकींना चिकटल्यात म्हणजे तिथे उभा कडा आहे."

"कडा हाय ते मला शिकवतीस? त्याच्या बाजूला लांब भिंत हाय काळ्या दगडाची. आनि त्या भिंतीला मधी खाच हाय. करवतीनं चौकोन कापून काढल्यावानी. ती कुठंय ह्यात?"

"नकाशात नाही ते आपण दाखवू शकत नाही."

"डोंगरात हाय ना पर?"

मी रागावून आत गेले. तू खाच कापलीस. मी मामाला फोन लावला, तुला खोटं पाडायला, आता कबूल करते. त्याने शेतात उभं राहून फोटो काढून पाठवला. फोटो तुझ्या कामाशेजारी धरून बघितला. खाच तिथेच होती, तेवढीच. तीस वर्षांपूर्वी पाहिलेली! नकाशा छोट्या मापाचा, त्यात ती मावली नव्हती. तुझ्या डोळ्यांत मावली होती.

आणि आता ते, जे सांगायला दीड वर्ष लागलं.

डोंगर घेऊन आपण रिक्षाने शाळेत आलो. मी पाया धरून बसले होते, आणि ती खाचेची नाजूक भिंत वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, तुझ्या मांडीवर. मुख्याध्यापिका मॅडमच्या खोलीत टेबलावर डोंगर ठेवला. दोन-तीन शिक्षिका जमल्या. सगळ्या "अय्या", "कमाल" म्हणत होत्या. मॅडमनी विचारलं, "कुणाकडून करून घेतलंत हो?"

तू दारात उभी होतीस. केसांत भुसा, हातात कापडी पिशवी.

मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई प्राध्यापक. हे काही कारण नाही, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात हेच होतं. मी म्हटलं, "एकलहरे रोडला एक कारागीर आहेत. त्यांच्याकडून."

तू पुढे आलीस. पिशवी माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, "हे घ्या, मॅडम. वरचा भाग ऱ्हायलाय."

मॅडम! मला! आई, तू मला क्षणात सांभाळून घेतलंस. मी पिशवी घेतली. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परतीच्या रिक्षात मी बाहेर बघत होते. तू केसांतला भुसा झटकलास. मग म्हणालीस, "कारागीर म्हणलीस ना?"

मी तुझ्याकडे वळले. "आई, ते..."

"मदतीला असती असं नाय म्हणलीस. कारागीर म्हणलीस." तू हसलीस. "झालं की मग!"

तुला खरंच आनंद झाला होता, की मला अवघड वाटू नये म्हणून बोललीस? आजवर मला कळलेलं नाही. विचारायची सोय मी ठेवली नाही. पण एक सांगू? रागावली असतीस तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असतेस तर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन खरं सांगितलं असतं. तू इतकी मोठी का वागलीस गं?

त्या डोंगराने वर्गात काय केलं, ते मात्र मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तरी परत सांगते. शेवटच्या बाकावरची मुलगी, कधी तोंड न उघडणारी, पुढे आली. डोळे मिटून तिने थरांवरून बोट फिरवलं, आणि कड्यापाशी थांबून म्हणाली, "मॅडम, कळलं! इथे रेघा चिकटल्यात कारण इथून माणूस सरळ खाली पडेल!" सगळा वर्ग हसला आणि सगळ्या वर्गाला समजलं. त्या वर्षी परीक्षेत त्या प्रश्नाला एकही मुलगी अडली नाही. त्या संध्याकाळी तू ऐकून म्हणाली होतीस, "बोटाला कळलं की डोक्याला कळतंच."

मी ठरवलं होतं, वर्ष संपायच्या आत सांगायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगू, तुला पुढच्या रांगेत बसवू. तू थांबली नाहीस. दोन दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. शेडमधल्या टेबलावर अर्ध्या कापलेल्या प्लायवर तुझा कागद तसाच चिकटलेला होता.

काल शाळेत भूगोलाची स्वतंत्र खोली सुरू झाली. मधोमध काचेखाली तुझा धोडप. त्याच्याखाली लावायला मॅडमनी मला एक पाटी करायला सांगितली होती, आणि तिच्यावर तुझ्या नावाशिवाय दुसरं काही लिहिता येईना. मी अण्णांना म्हटलं, "येता का?" त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, सकाळपासून घालून बसले.

मुली, शिक्षिका, काही पालक, खोली भरली होती. मॅडम म्हणाल्या, "वैशालीताई, डोंगराबद्दल तुम्हीच बोला." मी डोंगराशेजारी जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "हा डोंगर माझ्या आईने केलाय. सुमन तिचं नाव. ती सातवी शिकली होती. मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं, एका कारागिराकडून करून घेतला. ते खोटं नव्हतं, पण ती माझी आई आहे हे सांगायची मला लाज वाटली होती. ती लाज चुकीची होती. त्याबद्दल तिची माफी मागायला ती आता नाही, म्हणून तुमच्यासमोर मागते."

 मग मॅडम हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी पिशवी घेऊन दारात होत्या, त्या?"

"हो."

मॅडमनी चष्मा काढला. "मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही हो."

तेवढ्यात एका पालकांनी अण्णांना विचारलं, "तुम्ही शिकवलंत ना त्यांना सुतारकाम?" आई, अण्णांना तू ओळखतेस. चाळीस वर्षं या धंद्यात, कुणाला मोठं म्हणायचे नाहीत. वॉकर घट्ट धरून ते म्हणाले, "मी जाड लाकडाचा माणूस. पातळातलं मला तिने शिकवलं." आणि मग, "तिच्यासारखा हात मी बघितला नाही."

हे त्यांनी तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. मी त्यांना घरी येताना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "माहीत होतं तिला." तुला माहीत होतं का गं? मला वाटतं, होतं. तो कान लाल झाल्याचा दिवस मी विसरलेले नाही.

मी स्वतः काय करते म्हणशील तर, दर रविवारी शेडमध्ये बसते. तुझ्यासारखी कड मला येत नाही. अण्णा खेकसतात. पण परवा अंजनेरीच्या डोंगराचे पहिले पाच थर झाले, आणि कपचे उडाले नाहीत. सहावीतल्या मुलींसाठी नदीचं खोरंही करायचंय. शेड बंद पडलेली नाही, आई. पडणारही नाही.

आता एक वचन देते आणि थांबते.

तू धोडपच्या पायथ्याशी वाढलीस, पण वर कधी गेली नाहीस. तू एकदाच बोलली होतीस, भाऊ जायचे, मुलींना कुणी न्यायचं नाही. पाऊस सरला की मी नववीच्या सगळ्या मुलींना घेऊन धोडप चढणार आहे. मॅडमनी काल परवानगी दिली, मामा वाट दाखवायला येतोय. माझे गुडघे कुरकुर करतील, करू देत. आम्ही त्या काळ्या भिंतीवरून चालत खाचेपर्यंत जाऊ. तिथून तुझं गाव दिसेल, तुझ्या घराचं दार दिसेल. मी मुलींना बोट करून दाखवीन आणि सांगेन, ते बघा, त्या दारात उभी राहून एका मुलीने हा डोंगर इतका नीट बघितला होता की नकाशाला जे जमलं नाही ते तिला जमलं.

तुझीच,
वैशू